क्लोव्हिसला राजा कुणी केलं? फ्रँकांच्या राज्याची जुळवाजुळव

जुनं_फडताळ

शार्लमेनवरच्या (फ्रँकांचा नंतरचा सम्राट) धाग्यात कुणीतरी लिहिलं होतं, "रोम पडलं, मग जंगलातून रानटी टोळ्या आल्या आणि त्यांनी राज्यं थाटली." तिथेच वाद घातला असता तर मूळ विषय भरकटला असता, म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

माझं म्हणणं असं की फ्रँकांनी उत्तर गॉल (म्हणजे आजचा उत्तर फ्रान्स आणि बेल्जियम) नुसतं तलवारीनं घेतलं नाही, चालू कारभारासकट ताब्यात घेतलं. आणि त्यांचा 'राजा' टोळीतून तयार होऊन आला नव्हता. रोमन फौज, बिशप आणि घराण्याचा दबदबा या तिन्हींतून तो गॉलच्या भूमीवर दोन पिढ्यांत जुळवला गेला.

आधी एक पत्र बघा. लिहिणारा रँस शहराचा बिशप रेमिगियस. ज्याला लिहिलंय तो क्लोव्हिस, फ्रँकांचा तरुण राजा. बाप वारला (४८१ किंवा ४८२) तेव्हा पोराचं वय पंधराच्या आसपास. पत्र त्याच सुमाराचं की ४८६ नंतरचं यावर अभ्यासकांत दोन तट आहेत, पण मजकूर फार बोलका आहे. बिशप म्हणतो, बेल्जिका सेकुंदाचा कारभार तू हाती घेतल्याचं आमच्या कानावर आलं. तुझे वाडवडील जे होते तेच तू होतो आहेस, यात नवल नाही. आता बिशपांचा सल्ला घेत जा, त्यांच्याशी जमवून घेतलंस तर तुझा प्रांत नीट चालेल. विधवा-पोरक्यांना सांभाळ. दरबाराचं दार सगळ्यांना उघडं ठेव. राज्य करायचं असेल तर थट्टामस्करी तरुणांशी कर, मसलत म्हाताऱ्यांशी.

लक्षात घ्या, क्लोव्हिस तेव्हा ख्रिस्ती नाही. आणि बेल्जिका सेकुंदा हे फ्रँकांनी ठेवलेलं नाव नाही, तो जुना रोमन प्रांत आहे आणि रँस त्याचं मुख्य शहर. "तू आमचा मुलूख जिंकलास" असा सूरच पत्रात नाही. नवा जिल्हाधिकारी रुजू झाल्यावर गावातला वजनदार माणूस त्याला चार गोष्टी सुनावतो, तसा थाट आहे.

मग हे 'वाडवडील' कोण? बाप चिल्डेरिक. त्याची कबर बेल्जियममधल्या तूर्ने गावात २७ मे १६५३ रोजी सापडली. चर्चच्या बाजूला पाया खणताना गवंड्याचं अवजार सोन्याच्या नाण्यांच्या थैलीवर आदळलं. कबरीत एक मोहरेची अंगठी होती, तिच्यावर उलट्या अक्षरांत 'चिल्डिरिकी रेगिस', म्हणजे 'राजा चिल्डेरिकची'. अंगठीवरचं चित्र नीट पाहिलं तर सगळा विषय तिथेच आहे. अंगात रोमन सेनापतीचं चिलखत, हातात भाला आणि केस खांद्यावर रुळणारे. रोमन अधिकारी असे केस ठेवत नसत. जोडीला झग्यावर लावायचा सोन्याचा मोठा बिल्ला, तोही रोमन अधिकाऱ्यांच्या पद्धतीचा, आणि पूर्वेकडचा सम्राट झेनो याची ताजी नाणी. नंतर १९८० च्या दशकात त्याच परिसरात उत्खनन झालं तर तीन खड्ड्यांत २१ घोड्यांचे सांगाडे निघाले. म्हणजे अंगावर रोमन पोशाख आणि आजूबाजूला पुरलेले घोडे! याला 'रानटी' म्हणायचं की 'रोमन' हे मला तरी ठरवता येत नाही, आणि त्याला स्वतःलाही तो प्रश्न पडला नसावा.

आता ४८६. स्वासों शहर धरून बसलेला सियाग्रियस हा रोमन सेनापती एजिडियसचा मुलगा. क्लोव्हिसनं त्याचा पराभव केला, तो पळून तूलूझला गॉथ राजा अलारिक दुसरा याच्याकडे गेला, अलारिकनं त्याला बांधून परत पाठवलं आणि क्लोव्हिसनं गुपचूप त्याचा काटा काढला. इथपर्यंत नेहमीचंच. गंमत पुढे आहे.

लुटीत एका चर्चमधलं मोठं, सुंदर भांडं आलं. बिशपचा निरोप आला, बाकीचं राहू द्या, तेवढं परत करा. क्लोव्हिस म्हणाला, स्वासोंला या, तिथे वाटणी होईल. तिथे सगळी लूट मध्ये रचलेली, आणि राजा सैनिकांना *विनवतो* की माझ्या वाट्याखेरीज हे भांडं मला द्या. बाकीचे म्हणाले, महाराज, सगळं तुमचंच. एकानं मात्र कुऱ्हाड उचलून भांड्यावर हाणली. "चिठ्ठीत निघेल तेवढंच तुला मिळेल!" राजा गप्प बसला. भांडं बिशपच्या माणसाला देऊन टाकलं.

वर्षभरानं मार्चमध्ये फौजेची हत्यारतपासणी. त्याच माणसापुढे येऊन क्लोव्हिस म्हणाला, तुझ्याइतकी गचाळ हत्यारं कुणाचीच नाहीत, आणि त्याची कुऱ्हाड जमिनीवर फेकली. तो उचलायला वाकला तसा राजानं आपल्या कुऱ्हाडीनं त्याचं डोकं फोडलं. "स्वासोंला त्या भांड्याचं तू हेच केलंस."

शाळेच्या पुस्तकांत ही सूडकथा म्हणून येते. मला ती हक्कांची कथा वाटते. लुटीच्या वाटणीत राजा पहिला असला तरी एक वाटेकरीच, तिथे त्याचं फर्मान चालत नाही. हत्यारतपासणीत तो सेनापती आहे, आणि तिथे शिक्षा त्याच्या हातात. त्यानं वर्षभर थांबून पहिली जागा सोडली आणि दुसरी धरली. राजेपण कुठून आलं, तर या दुसऱ्या जागेतून.

बाप्तिस्मा मुद्दाम सोडलाय, प्रतिसादांत येईलच. चर्चा करूया.

कडबोळं

मस्त धागा. पण मुळात हे फ्रँक आले कुठून? आणि रोमनांशी त्यांची घसट इतकी जुनी होती का?

जुनं_फडताळ

@कडबोळं, तिसऱ्या शतकात ऱ्हाइनच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या बऱ्याच लहानमोठ्या गटांना रोमन लोक मिळून फ्रँक म्हणू लागले. ती एक टोळी नव्हेच. ३५८ मध्ये पुढे रोमन सम्राट झालेल्या ज्युलियननं त्यांच्यातल्या सालियन गटाला आजच्या दक्षिण नेदरलँड्स-उत्तर बेल्जियमच्या पट्ट्यात राहू दिलं. आणि घसट म्हणाल तर चौथ्या शतकात रोमन फौजेतले बडे सेनापतीच फ्रँक आहेत. रिकोमर ३८४ ला कॉन्सल (रोमन राज्यातलं मोठ्या मानाचं पद), बाउटो ३८५ ला. बाउटोची मुलगी युडोक्सिया ३९५ मध्ये सम्राट आर्केडियसची बायको झाली. क्लोव्हिसच्या जन्माच्या सत्तर वर्षं आधी फ्रँकाची लेक कॉन्स्टँटिनोपलच्या राजवाड्यात नांदत होती, म्हणून तर 'जंगलातून आले' वाचलं की डोकं सणकतं.

पाणवठा

मी पॅरिसला असते. चिल्डेरिकच्या कबरीची पुढची गोष्ट सांगते, कारण ती कबरीइतकीच भारी आहे.

कबरीत सोन्याच्या आणि लाल गार्नेट जडवलेल्या सुमारे ३०० माश्या होत्या. मधमाश्या की रातकिडे यावर अजून वाद आहे. बहुधा झग्याला किंवा घोड्याच्या साजाला शिवलेल्या असाव्यात. तूर्ने तेव्हा स्पॅनिश नेदरलँड्समध्ये, त्यामुळे ऐवज तिथल्या हॅब्सबर्ग राजघराण्याकडे गेला. त्यांच्याकडून १६६५ मध्ये भेट म्हणून चौदाव्या लुईकडे. लुईला फारसं कौतुक नव्हतं, त्यानं तो ग्रंथालयात ठेवून दिला. मग आला नेपोलियन. त्याला बूर्बाँ राजांचं लिलीचं फूल नको होतं आणि त्याहून जुनं काहीतरी हवं होतं. चिल्डेरिकच्या माश्या आयत्याच सापडल्या. १८०४ च्या राज्याभिषेकाच्या झग्यावर त्याच आहेत.

आणि १८३१ च्या नोव्हेंबरात चोरांनी ग्रंथालय फोडलं. बहुतेक सोनं वितळवलं, थोडं सेन नदीतून परत मिळालं. ती अंगठीसुद्धा गेली. फडताळराव ज्या अंगठीचं वर्णन करतायत ती आज ठशांवरून आणि १६५५ मध्ये छापलेल्या चित्रांवरूनच कळते. माश्या उरल्या दोन. राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संग्रहालयात आहेत, नखाएवढ्या. शेजारच्या दालनात लोकांची झुंबड, इथे मी एकटी.

सांडगेमिरची

लेख वाचनीय आहे, पण एक खडा टाकतोच. भांड्याची गोष्ट, कुऱ्हाड, संवाद हे सगळं आपल्याला कळतं कुणाकडून? तूरचा बिशप ग्रेगरी. हा माणूस जन्मला ५३८ च्या सुमारास, बिशप झाला ५७३ ला, गेला ५९४ ला. म्हणजे स्वासोंच्या लढाईनंतर जवळपास शंभर वर्षांनी लिहितोय. आणि तो बिशप! त्याच्या गोष्टीत चर्चच्या भांड्यावर कुऱ्हाड मारणाऱ्याचं डोकं फुटणारच. यावरून 'हक्कांची कथा' काढणं म्हणजे कीर्तनातल्या आख्यानावरून महसूल पद्धत शोधण्यासारखं आहे.

जुनं_फडताळ

@सांडगेमिरची, आक्षेप रास्त. पण आख्यानकाराला जे सांगायचं नसतं आणि तरी तोंडून निघून जातं, त्यात माल असतो. ग्रेगरीला राजाची चर्चवरची भक्ती दाखवायची होती. राजाला भांडं मागून घ्यावं लागलं, लूट चिठ्ठ्या टाकून वाटली जायची, हे दाखवून त्याचा काहीच फायदा नव्हता. उलट राजा थोडा छोटाच दिसतो त्यात.

बाकी ग्रेगरी भाबडा नाही. सुरुवातीच्या फ्रँकांना राजे होते की नुसते सेनापती हे शोधायला तो त्याच्या काळी मिळतील ते जुने रोमन इतिहास चाळतो आणि सरळ लिहितो की ठाम काही सापडत नाही. तिथे कुणा देवाला मूळपुरुष केलेला नाही. मेरोव्हेख म्हणजे चिल्डेरिकचा बाप, ज्याच्यावरून या घराण्याला मेरोव्हिंजियन म्हणतात. त्याची आई समुद्रात आंघोळीला गेली असता तिला समुद्री राक्षस भेटला, ही भानगड सातव्या शतकातल्या फ्रेडेगारच्या नावावरच्या बखरीतली.

आडवाट

बाप्तिस्म्यावर मी लिहू का? हा माझा आवडता गुंता आहे.

ग्रेगरीची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. बायको क्लोटिल्डा बर्गंडीची राजकन्या, कॅथलिक. पहिला मुलगा इंगोमर बाप्तिस्म्यानंतर लगेच गेला, तेव्हा क्लोव्हिस बायकोवर भडकला की माझ्या देवांच्या नावानं वाहिला असता तर जगला असता. दुसरा क्लोडोमरही आजारी पडला, पण वाचला. मग अलेमानी लोकांशी लढाई, हार समोर दिसू लागली तेव्हा त्यानं क्लोटिल्डाच्या देवाचा धावा केला, जिंकला. मग रँसला रेमिगियसच्या हातून बाप्तिस्मा आणि पाठोपाठ फौजेतल्या तीन हजारांहून जास्त लोकांचा. "मान लव, सिकांब्रा (म्हणजे फ्रँका)! जे जाळलंस ते पूज, जे पूजलंस ते जाळ." शाळेत वर्ष शिकवतात ४९६.

आता गुंता. व्हिएनचा बिशप अव्हिटस यानं क्लोव्हिसला लिहिलेलं पत्र आहे, त्याच काळातलं. त्यात नाताळाचा दिवस आहे, पण वर्ष नाही. लढाईतल्या नवसाचा उल्लेखही नाही. आणि क्लोव्हिसच्या नातीला ट्रिअरच्या बिशपनं ५६५ च्या सुमारास लिहिलेल्या पत्रात म्हटलंय की तूरच्या सेंट मार्टिनच्या थडग्यापाशी चमत्कार बघून त्यानं बाप्तिस्म्याचा शब्द दिला. ४९६ मध्ये तूर गॉथांच्या हाती होतं! म्हणून बरेच अभ्यासक तारीख पुढे ओढून ५०८ पर्यंत नेतात, म्हणजे ५०७ ला व्हुयेच्या लढाईत अलारिक मारला गेल्यानंतर. मला ५०८ पटतं.

याचा राजेपणाशी संबंध असा. गॉथ, व्हँडल, बर्गंडियन हे सगळे राजे ख्रिस्तीच होते, पण एरियन पंथाचे (येशूला पित्याच्या बरोबरीचा न मानणारे), आणि त्यांची प्रजा कॅथलिक. क्लोव्हिसपुढे तोही रस्ता होता. त्याची बहीण लांटेखिल्ड एरियन झालेली होती, हे ग्रेगरी ओझरतं सांगून जातो. म्हणजे गडी चर्चच्या दारात सरळ देवपूजकाचा ख्रिस्ती होऊन आला नाही, दोन पंथ त्याच्या घरातच होते, आणि त्यानं बिशपांचा निवडला. ५११ मध्ये ऑर्लेआँला त्यानं ३२ बिशपांची परिषद भरवली. रेमिगियसच्या पत्रातला सल्ला तीस वर्षांनी का होईना, पाळला.

पाणवठा

आणि त्या ४९६ चं राजकारण अजून संपलेलं नाही. १९९६ ला बाप्तिस्म्याची १५०० वर्षं म्हणून पोप जॉन पॉल दुसरे रँसला आले होते. त्यावर इथे केवढा गदारोळ झाला होता. धर्मनिरपेक्ष प्रजासत्ताकाची जन्मतारीख एका राजाच्या बाप्तिस्म्याला कशी काय, म्हणून मोर्चे निघाले. उजव्यांना क्लोव्हिस हवा, डाव्यांना १७८९.

कडबोळं

मग क्लोव्हिस स्वतःला काय समजत होता? रोमन अंमलदार की स्वतंत्र राजा?

जुनं_फडताळ

@कडबोळं, ५०८ चा तूरमधला प्रसंग बघा. व्हुये जिंकून तो तूरला आला. कॉन्स्टँटिनोपलहून सम्राट अनास्टेशियसचं पत्र आलं होतं, कॉन्सलपदाचं. सेंट मार्टिनच्या चर्चमध्ये त्यानं जांभळा अंगरखा आणि झगा घातला, डोक्यावर मुकुटपट्टी बांधली, घोड्यावर बसला आणि तिथून शहरातल्या मुख्य चर्चपर्यंत वाटेत जमलेल्या लोकांवर स्वतःच्या हातानं सोन्यारुप्याची नाणी उधळत गेला. मग पॅरिसला जाऊन तिथे आपलं ठाणं केलं.

कॉन्सलांच्या यादीत त्याचं नाव नाही, म्हणजे पद मानाचंच. पण तूरच्या रोमन माणसाला जे बघायचं होतं ते त्यानं बघितलं. रोमनांना कॉन्सल दिसला, बिशपांना सेंट मार्टिनचा भक्त, फ्रँक सैनिकांना लुटीचा धनी. 'राजा' की 'अंमलदार' ही निवड त्यानं केलीच नाही, गरजही नव्हती. गॉथांशी लढाई चालू असताना पूर्वेच्या सम्राटालाही इटलीतल्या गॉथ राजा थिओडोरिकला शह द्यायला असा माणूस पाहिजेच होता.

सांडगेमिरची

हे सगळं खरं, पण तुम्ही रक्त जरा पुसून टाकताय. राज्य 'जुळवलं' म्हणे. भाऊबंदकी कुठे गेली? फ्रँकांना तेव्हा एक राजा नव्हता, डझनभर होते, आणि बहुतेक क्लोव्हिसच्या नात्यातले. मीच लिहितो.

कोलोनचा सिगिबर्ट लंगडा. त्याच्या पोराला, क्लोडेरिकला, क्लोव्हिसनं निरोप पाठवला की बाप म्हातारा झालाय, पायानं अधू आहे, तो गेला की राज्य तुझं. पोरानं बाप दुपारी तंबूत झोपला असताना मारेकरी घातले. मग क्लोव्हिसच्या वकिलांना बापाचा खजिना दाखवायला लागला. ते म्हणाले, हात तळापर्यंत घालून बघ की पेटीत किती आहे. तो वाकला, मागून कुऱ्हाड. यानंतर क्लोव्हिस जातीनं कोलोनला हजर! म्हणे, नातलगाचं रक्त सांडणं माझ्या हातून होणार नाही, मला यातलं काही ठाऊक नाही, पण आता झालंच आहे तर माझ्या आश्रयाला या. लोकांनी ढाली वाजवल्या आणि त्याला ढालीवर उचलून राजा केला.

कंब्रेचा रॅग्नाकार, त्याच्या सरदारांना क्लोव्हिसनं सोन्याची कडी वाटून फोडलं. हरल्यावर त्याला हात बांधून समोर आणला. "बांधून घेतलंस? आपल्या घराण्याची लाज घालवलीस, मेला असतास तर बरं होतं," म्हणून कुऱ्हाड. मग भावाकडे वळून, "तू मदत केली असतीस तर हा बांधला गेला नसता," म्हणून त्यालाही. नंतर सरदारांना कळलं की कडी पितळेची, वर नुसता मुलामा. तक्रार घेऊन गेले तर उत्तर मिळालं, धन्याला मारायला देणाऱ्याला असंच सोनं मिळतं, जिवंत आहात त्यात समाधान माना.

शेवटी म्हणे रडत सुटला, माझं आपलं असं कुणी उरलं नाही हो, संकटात कोण धावून येईल! ग्रेगरीच पुढे लिहितो की दुःखानं नव्हे, कुणी नातलग उरला असेल तर बाहेर यावा म्हणून.

आणि हे सगळं सांगताना तोच ग्रेगरी मध्येच म्हणतो की देव रोज याचे शत्रू याच्या हाती देत होता, कारण हा सरळ मनानं चालत होता. धन्य!

जुनं_फडताळ

@सांडगेमिरची, जबरदस्त लिहिलंत, हे मूळ लेखातच हवं होतं. एकच भर. ग्रेगरी हे खून ५०८ नंतर एका ओळीत मांडतो, पण कारारिक नावाच्या राजाला मारण्याचं कारण तो देतो की सियाग्रियसच्या लढाईत हा कुंपणावर बसला होता. ती लढाई ४८६ ची. वीस-बावीस वर्षं राग गिळून बसणं जरा जड जातं. काही खून आधीचे असावेत, ग्रेगरीनं मांडणीसाठी एकत्र केले.

आणि कोलोनमध्ये ढालीवर उचलणं बघा. खजिना हातात, सैन्य दारात, तरी लोकांनी ढाल उचलावीच लागते.

वकीलवाडा

मला कायद्यातला राजा बघायचाय. सालिक कायदा, म्हणजे फ्रँकांची दंडसंहिता, क्लोव्हिसच्या अखेरच्या वर्षांतली मानतात. लॅटिनमध्ये आहे. खुनाची भरपाई बघा. स्वतंत्र फ्रँक मारला तर २०० सॉलिडस (सोन्याची रोमन नाणी), जमीनदार रोमन मारला तर १००. इथे लोक थांबतात आणि म्हणतात, बघा, फ्रँक दुप्पट. पण पुढची ओळ जास्त महत्त्वाची. राजाच्या पदरी शपथ घेतलेला फ्रँक असेल तर ६००, आणि राजाच्या पंक्तीला बसणारा रोमन असेल तर ३००. म्हणजे राजाच्या पंक्तीतला रोमन साध्या फ्रँकापेक्षा महाग. राजाच्या जवळ असण्यानं माणसाची किंमत तिप्पट होते. कायदा लिहिणाऱ्यानं इतक्या रोखठोक आकड्यांत राजेपणाची व्याख्या केलीय की वेगळी करायला नको.

उंबरठा

वकीलसाहेब, याच कायद्यानं बायकांना गादी नाकारली ना?

वकीलवाडा

नाही ताई, कायद्यात गादीचा शब्दही नाही. सालिक जमीन बाईच्या वाट्याला जाऊ नये, एवढंच एक कलम वारसाहक्काच्या प्रकरणात आहे. गादीशी त्याची सांगड चौदाव्या शतकातली. १३१६ आणि १३२८ ला फ्रान्समध्ये मुली आणि मुलींची मुलं डावलली गेली, आणि आधार म्हणून हा जुना कागद नंतर शोधून काढला गेला.

उंबरठा

धन्यवाद. मग बायकांवरूनच एक सांगते, कारण लांब केसांचा विषय अंगठीवर सोडून सगळे पुढे गेलात.

क्लोव्हिस गेला ५११ च्या नोव्हेंबरात. मुलगा क्लोडोमर ५२४ ला लढाईत पडला, त्याची तीन पोरं आजी क्लोटिल्डा पॅरिसला सांभाळत होती. काका चिल्डेबर्ट आणि क्लोथार यांना पुतण्यांचा वाटा डोळ्यांत खुपत होता. त्यांनी "पोरांना राजा करायचंय, पाठव" म्हणून निरोप धाडला. म्हातारीनं आनंदानं खाऊपिऊ घालून पाठवली. मुलं हातात आल्यावर त्यांनी आजीकडे माणूस पाठवला, त्याच्या हातात एक कात्री आणि एक नागवी तलवार. निवड कर. पोरांचे केस कापू की जीव घेऊ? ती संतापानं बोलून गेली, "राजे होणार नसतील तर केस कापलेले बघण्यापेक्षा मेलेले बघेन." निरोप्यानं तिला विचार करायला उसंतही दिली नाही.

दहा वर्षांच्या थोरल्याला क्लोथारनं सुरा घातला. सात वर्षांचा दुसरा चिल्डेबर्टच्या पायांना मिठी मारून बसला, तेव्हा चिल्डेबर्टला रडू फुटलं, म्हणाला, याला सोड, हवं ते देतो. क्लोथार उसळला, बेत तुझाच होता ना? सोड त्याला नाहीतर तुलाच मारतो. आणि चिल्डेबर्टनं पोराला ढकलून दिलं. तिसरा क्लोडोआल्ड निसटला. त्यानं मोठेपणी स्वतःच्या हातानं केस कापले आणि चर्चमध्ये गेला. पॅरिसजवळचं सँ-क्लू गाव त्याच्याच नावाचं.

केस होते तोवर तो गादीचा वारस होता. कापले म्हणून जगला.

पाणवठा

आणि केस परत वाढतात, हा या पद्धतीचा दोष! गुंडोव्हाल्ड म्हणून एक होता. आईनं लांब केस राखून वाढवला, म्हणे हा क्लोथारचा मुलगा. क्लोथारनं कापून टाकले, "मी जन्माला घातलेला नाही." क्लोथार मेल्यावर पुढच्या राजानं वाढवू दिले, त्याच्या पुढच्यानं पुन्हा कापले. गडी शेवटी कॉन्स्टँटिनोपलला गेला, तिथून परत येऊन राजा म्हणून उभा राहिला आणि ५८५ ला मारला गेला.

चहाटळ

मला सारखे सातारकर छत्रपती आणि पेशवे आठवतायत. पुढे यांच्याकडेही राजवाड्याचा कारभारीच सगळं बघायला लागला ना? राजा नावाला.

सांडगेमिरची

@चहाटळ, अर्धंच जुळतं. पेशव्यांच्या हाती सगळं होतं, तरी पेशवाईची वस्त्रं शेवटपर्यंत साताऱ्याहून घ्यावी लागत. गादीवर कुणी पेशवा बसला नाही. फ्रँकांचा कारभारी बसला. ७५१ मध्ये पेपिननं पोप झकारियसला विचारून घेतलं की ज्याच्याकडे सत्ता नाही त्यानं राजा म्हणवून घेणं बरं आहे का, आणि हवं ते उत्तर मिळाल्यावर चिल्डेरिक तिसरा याचे केस कापून त्याला मठात धाडलं.

बैलगाडीतून फिरणारा, दाढीकेस वाढवून सिंहासनावर बसवलेला बाहुला राजा हे चित्र मात्र जपून घ्या. ते आइनहार्डनं रंगवलंय, शार्लमेनच्या पदरचा माणूस. ज्यांनी गादी घेतली त्यांचाच चरित्रकार.

आडवाट

आणि पेपिनकडे घराण्याचे केस नव्हते, म्हणून तेल आणलं. ७५१ ला स्वासोंला बिशपांनी त्याला पवित्र तेलाचा अभिषेक केला, ७५४ ला पोप स्टीफन दुसरे स्वतः सँ-दनीला येऊन पुन्हा करून गेले, दोन्ही मुलांसकट. मेरोव्हिंजियन राजांना अभिषेक होत नसे. क्लोव्हिसच्या बाप्तिस्म्याचं तेल म्हणजे राज्याभिषेक हे नंतरच्यांनी जोडलं. कबुतरानं स्वर्गातून तेलाची कुपी आणली ही कथा तर नवव्या शतकातली, रँसचा आर्चबिशप हिंकमार याची, आणि त्यात रँसचा स्वार्थ उघड आहे.

कडबोळं

एक शेवटची शंका. इतके भाऊबंद मारून एक केलेलं राज्य क्लोव्हिस मेल्याबरोबर चार पोरांत वाटलं कसं? आणि थोरला थ्यूडेरिक तर क्लोटिल्डाचा नाही. त्याला वाटा मिळाला?

जुनं_फडताळ

@कडबोळं, नुसता मिळाला नाही, सगळ्यांत मोठा मिळाला. तो वयानं बराच मोठा, फौज चालवलेला, त्याला डावलणं परवडलं नसतं. काही अभ्यासकांच्या मते ५११ ची वाटणी ही फ्रँकांची सनातन रीत नव्हतीच. क्लोटिल्डाला आपल्या तिघांसाठी काहीतरी हवं होतं आणि थ्यूडेरिकला सगळं हवं होतं, त्यातली ती तडजोड. मला हे पटतं, कारण त्याआधी असं वाटप झाल्याचा पुरावा नाही.

नकाशा काढून बघा. रँस, स्वासों, पॅरिस, ऑर्लेआँ. चारही गाद्या उत्तरेत, एकमेकींपासून दोन-चार दिवसांच्या घोडदौडीवर. आणि दक्षिणेतली अॅक्विटेन मात्र तुकड्या-तुकड्यांनी चौघांत वाटलेली. वेगळी राज्यं करायची असती तर असं कुणी केलं नसतं. राज्य एकच होतं, त्याचं उत्पन्न आणि शहरं वाटली गेली. म्हणून एखादा भाऊ मेला की बाकीचे लगेच त्याच्या वाट्यावर तुटून पडत, आणि क्लोथार शेवटी उरला म्हणून ५५८ ला सगळं पुन्हा एकाकडे आलं. तीन वर्षांनी तो मेला, पुन्हा चार वाटे.

आईचं म्हणाल, तर त्याच घराण्यातल्या गुंत्रामच्या मुलांवरून एका बिशपनं कुजबुज केली होती की यांची आई दासी, यांना गादी नाही. ग्रेगरी त्याला तिथेच झापतो, आईचं कूळ आता कुणी विचारत नाही, राजापासून झाली ती राजाचीच मुलं.

सांडगेमिरची

आणि कुणाची कुणापासून हे राजाच सांगणार! गुंडोव्हाल्डला विचारा.